पाकळीवाल्या काकू

रत्नागिरीत दर आळीत घरी केक करून विकणाऱ्या एक काकू असतातच. पाटी नसते. मारुती मंदिरापाशी कुणालाही विचारा, घर सापडतं. फक्त पत्ता सांगणारी बाई शेजारीण निघाली, तर "माझा होतो तिच्याहून बरा" हे फुकट ऐकावं लागतं.

काकूंच्या केकला क्रीम, गुलाब असले लाड नाहीत. "क्रीम काय, कुणीही थापील. काजू घालून दाखवा म्हणावं!" काजू म्हणजे अर्थात पाकळी. अख्खा काजू केकात घालणं ही काकूंच्या लेखी उधळपट्टी. अख्ख्या काजूची प्रत पौंडात किती गर बसतात त्यावरून ठरते; 320 हा नेहमीचा, 180 टपोरा, आणि भाव त्याच हिशेबानं चढतो. हे काकूंना तोंडपाठ. परसात वेंगुर्ला 7 जातीच्या काजूची कलमं आहेत. त्यांच्या बिया फोडून आल्या की टपोरे गर डब्यात, डबा कपाटात, किल्ली कमरेला. तो माल मुंबईच्या लेकीचा. फुटलं-तुटलं ते केकाचं. पण पाकळी कोरड्या मैद्यात घोळवल्याशिवाय पिठात जात नाही. नाहीतर सगळी तळाशी बसते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काकूंनी हात आखडला. तसा तो आखडलेला असतोच, पण दिसता कामा नये.

ओव्हन आहे. पावसाळ्यात त्याच्यावर भरवसा नाही; वीज मधेच गेली की केक बसतो. मग कुकर निघतो: तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, आच मंद. सासूबाई तर वर-खाली निखारे ठेवून तवसाचं धोंडस भाजत. तवसं, तांदळाचा रवा, गूळ, वर काजू. "केक म्हणे साहेबानं आणला! आमच्याकडे काय नव्हतं?" यात तथ्य आहे, मान डोलवावी. काजूचं झाड मात्र पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, हे तिथं काढू नये. काढलंत तर "मग जा, त्यांच्याकडेच खा" असं उत्तर तयार असतं.

गिऱ्हाईकही रत्नागिरीचंच, अर्ध्या किलोच्या केकात पाकळ्या मोजतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब चोख राहतो.

ऑर्डर द्यायची तर आदल्या दिवशी सकाळी द्या. किंमत विचारू नका. काकू आपण होऊन सांगतात, दोनदा.