घरात कार्बोरेटर येतो तेव्हा

गाडीचे तेलकट भाग घरच्या घरी कसे स्वच्छ करावेत, हे शिकवणारे उदंड आहेत. ते सगळे पाना हातात धरलेल्या माणसाशी बोलतात. त्या माणसाला घर असतं, घराला मोरी असते आणि त्या मोरीत इतरांनाही अंघोळ करायची असते, हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावी नाही. सबब, प्रस्तुत मार्गदर्शिका त्या माणसाच्या घरच्यांसाठी आहे.

लक्षणे

या विकाराला जुनी गाडी लागते. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. माणूस दोन मिनिटं आदराने बघतो आणि बॉनेट लावून टाकतो. आमच्याकडे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्यात सगळं दिसतं आणि सगळं सुटं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन थांबून वीस वर्षांवर झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्याही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले. गाडी तेवढी नोकरीत आहे. पंधरा वर्षं पुरी झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत तिची नोंदणी नव्याने करावी लागते आणि दर खेपेला मी आशेने वाट बघते, की कुणीतरी कर्तव्यदक्ष अधिकारी 'नाही' म्हणेल.

पहिलं लक्षण शनिवारी रात्री, ताटावर दिसतं. आमटी भुरकता भुरकता मध्येच थांबून "पिकअप कमी वाटतोय" असं उद्गारलं जातं. दुसरं लक्षण म्हणजे "मेकॅनिक काय करतो, वरवर पेट्रोल मारतो आणि पैसे घेतो." तिसऱ्या लक्षणात रुग्ण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भांड्यांच्या मांडणीकडे टक लावून बघतो. इथपर्यंत मजल गेली असेल तर उपाय नाही. रविवारचे पाहुणे रद्द करावेत.

भांडी

कार्बोरेटर भिजत घालायला भांडं लागतं. ते उथळ नको, फार खोल नको, हात आत गेला पाहिजे आणि तळ दिसला पाहिजे. हे वर्णन घरातल्या सर्वांत चांगल्या पातेल्याचं असतं. "नंतर घासून देतो ना" या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. घासून मिळतं, पण रॉकेलचा वास स्टीलला एकदा लागला की त्यात उकळलेल्या दुधाचा चहा ओळखू येतो. आमच्या सासूबाईंनी असा चहा एक घोट घेऊन खाली ठेवला आणि विचारलं, "स्टोव्ह परत काढलात का?"

एक पातेलं कायमचं दान करून टाकावं. त्यावर ऑइल पेंटने मोठा 'ग' काढावा.

स्क्रू, वायसर, स्प्रिंगा ठेवायला मात्र मसाल्याच्या डब्यासारखी वस्तू नाही, हे मला मान्य करावं लागतं. सात वाट्या, वर झाकण, पंख्याचा वारा लागत नाही. काढलेल्या क्रमाने एकेका वाटीत ठेवत गेलं की बसवताना उलट्या क्रमाने यायचं. वर्तमानपत्रावर मांडून ठेवण्यापेक्षा हे शतपट बरं, कारण वर्तमानपत्र कुणीतरी वाचायला उचलतंच. आक्षेप एवढाच, की डब्यातली हळद आधी काढून ठेवायची असते.

द्रव

रॉकेल रेशनवर मिळायचं तेव्हा ते निळं असायचं. काळाबाजार ओळखू यावा म्हणून सरकार त्यात रंग घालायचं. तो रंग आमच्या बाल्कनीतल्या फरशीवर अजून आहे. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून हे पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणतात. डिझेल वाईट नाही. ग्रीस सोडवतं, सावकाश उडतं, घाई करत नाही. फक्त घरभर एसटी स्टँडचा वास येतो.

पेट्रोल आणू देऊ नये. इथे मी थट्टा करत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे फरशीवरून सरपटत जाते आणि तिला देवघरातलं निरांजन सापडतं, गीझरची ज्योत सापडते, फ्रिजची ठिणगी सापडते. रॉकेलही साधारण पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढे तितकं सोज्वळ राहत नाही आणि पुण्यात मे महिन्यात दुपारी बाल्कनीत काय तापमान असतं ते सांगायला नको. काम सकाळी, उघड्यावर, निरांजन शांत झाल्यावर.

आणि काहीही झालं तरी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत द्रव ओतून ठेवू देऊ नये. आमच्याकडे त्या बाटलीतून सासूबाईंनी कढीपत्त्याला पाणी घातलं. झाड गेलं. त्यावर हे म्हणाले, "मुळांना कीड असेल." शेजारचा लहान मुलगा आमच्याकडे पाणी मागायला यायचा, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे झाड नव्हतं. रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायची नसते, ते फुप्फुसात उतरतं. तडक दवाखाना गाठायचा. हा परिच्छेद कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

सोडा हा आणखी एक प्रकार. कुणीतरी सांगितलं, की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चिकटा झटकन निघतो. निघतो. लोखंडाचा निघतो. अ‍ॅल्युमिनियमची वस्तू रात्रभर बुडवली तर चिकट्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमही निघतं. बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे असतात. सकाळी जे हाती लागलं ते काळं, खरखरीत आणि वजनाने हलकं होतं. ह्यांनी ते उजेडात धरून "स्वच्छ तर झालंय" असा निर्वाळा दिला आणि नाना पेठेत दुसरं घ्यायला गेले.

टॉर्च

घरातल्या प्रत्येक व्यक्तीला कधी ना कधी टॉर्च धरावी लागते. लग्न ठरवताना हे कुणी सांगत नाही.

टॉर्च धरणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्याला जे बघायचंय तिथे प्रकाश टाकायचा असतो. पण त्याला काय बघायचंय हे त्यालाही माहीत नसतं. "इथे" म्हणजे त्याच्या नाकाच्या दिशेत, आणि नाक सतत हलत असतं. "थोडं डावीकडे" म्हणजे त्याचं डावं. "अगं, हलवू नकोस" म्हणताना तो स्वतःच कोपराने टॉर्च ढकलत असतो. आपल्याला स्क्रू स्पष्ट दिसतो, तो कुठे बसणार हेही दिसतं. पण बोलायची सोय नसते. मुलगी हे काम शिकता शिकता बारावी झाली आणि पुढचं शिक्षण तिने बंगळुरूत घेतलं. कारण विचारलं तर ती विषय चांगला होता म्हणते.

बाजारात डोक्याला बांधायची टॉर्च मिळते. मी वाढदिवसाला दिली होती. ती आता जुन्या बाजारातून आणलेल्या ब्रशांच्या डब्यात आहे. "तिने नीट दिसत नाही," असं कळलं. पुढे मला असं वाटू लागलं, की प्रकाशाचा हा प्रश्नच नसावा. कुणीतरी शेजारी उभं राहून बघत असावं, इतकंच असावं. हे लक्षात आल्यापासून मी टॉर्च धरते, पण स्टूल घेऊन.

जेट आणि मोरी

कार्बोरेटरात जेट नावाची पितळेची बारीक वस्तू असते. तिच्या भोकातून पेट्रोल मोजून जातं. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, आणि पाणी सोडलं की नेमकी जाळीच्या दिशेने जाते. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी मोरीच्या जाळीवर जुनी ओढणी दुहेरी करून ठेवावी. गेलीच, तर ह्यांच्यासारखं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून नळीत सोडू नये. पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्या दोरीला बाकी बरंच काही लागलं: केसांच्या पिना, एक चमचा, आणि ज्याच्यासाठी भांडीवालीवर मी उगाच संशय घेतला होता ते सुरीचं पातं. जेट मात्र सोसायटीच्या चेंबरमध्ये, सेक्रेटरींच्या समक्ष सापडली. त्यानंतर जिन्यात तेलाच्या थेंबांबद्दल फलक लागला. त्यात आमचा फ्लॅट नंबर नव्हता, पण फलक आमच्याच मजल्यावर होता.

जेटच्या भोकात टाचणी घालू नये. पितळ मऊ असतं, भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. फुंकायचं. तोंडाने फुंकलं की दिवसभर ढेकर डिझेलचा येतो, तेव्हा सायकलचा पंप वापरावा. हे मला आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सांगितलं. तो ह्यांचा शत्रुपक्ष. पण ह्यांनी धुतलेला कार्बोरेटर हातात घेऊन त्याने एकदा मान हलवली होती: "साहेब, एवढं लख्ख आमच्याकडे कुणी करत नाही. तुम्ही धुवून द्या, बसवतो मी." ती मान ह्यांच्या अजून लक्षात आहे. वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना ऐकू आला नाही.

ब्रेक

ब्रेकचे रबरी वायसर डिझेल-रॉकेलात बुडवू देऊ नका. रबर फुगतं आणि ब्रेक दगा देतो. ते ब्रेक ऑइलनेच पुसतात. इथे भांडण करावं लागलं तरी करा.

वॉशिंग मशीन

नाही.

चिंध्यासुद्धा नाही. "पांढरे कपडे वेगळे लावू" म्हणाले तरी नाही.

हात

साबणाने निघत नाही. आधी चमचाभर गोडं तेल आणि त्यावर साखर घेऊन चोळायचं, मग बेसन, मग साबण. तेलाला तेलच सोडवतं आणि साखर खरवडते. बेसनाने उरलेला चिकटा टिपला जातो. पूर्वी हे वाळू आणि धुण्याची पावडर वापरायचे, तेव्हा हात निघायचे पण चामडीही निघायची. नखांतलं काळं मात्र आठवडाभर राहतंच. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि निरखून बघितला. मी म्हटलं, बागकामाची आवड आहे. नंतर कळलं, की व्याह्यांकडे जुनी जीप आहे. दोघं जेवणानंतर दिसले नाहीत.

गाडी चालू झाल्यावर

बहुतेक वेळा होते. हे मी नाइलाजाने नोंदवते. एक वायसर डब्यात उरतो, पण गाडी चालू होते, आणि पिकअप खरोखर सुधारलेला असतो. मग सगळ्यांना बसवून फेरी मारली जाते. फेरीत रेडिओ लावायचा नाही, इंजिन ऐकायचं असतं.

इथे कुटुंबीयांना एक शेवटची सूचना आहे, आणि ती सर्वांत नाजूक आहे. इतके रविवार स्टुलावर काढले की आपल्यालाही गाडी कळू लागते. ते कळू द्यायचं नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला आमची गाडी बंद पडली, मागे हॉर्न सुरू झाले, आत पेट्रोलचा वास आला. ह्यांनी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. मी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "फ्लोटची सुई अडकली असेल, ओव्हरफ्लो होतंय. कार्बोरेटरवर पान्याने हलकेच ठोका, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्ट करा." त्यांनी ठोकलं. गाडी सुरू झाली. घरापर्यंत कुणी बोललं नाही, आणि पुढच्या रविवारी टॉर्च धरायला वॉचमनला बोलावलं गेलं.

तेव्हा असं म्हणावं: "अहो, ते तुम्ही परवा धुतलं होतंत ना, ते तरंगतं का काय असतं, त्याचं तर काही नसेल?" मग खिडकीबाहेर बघत बसावं. ते बरोबर तिथेच ठोकतात.