हेडसर आणि रॅटबर्नमास्तर

निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून हेडसर पोरांच्या मालिका तपासतात. दर उन्हाळ्यात साताऱ्याहून मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला येतात. नातू टीव्हीसमोर बसला की मागं खुर्ची टाकून पर्यवेक्षकासारखे बसतात. नातू कार्टून बघतो, हेडसर कॉपी पकडतात.

या खात्याला थोर परंपरा आहे. १९९९ मध्ये जेरी फॉलवेल या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या मासिकानं टेलिटबीज या चिमुरड्यांच्या मालिकेतल्या टिंकी-विंकीला पकडलं. रंग जांभळा, डोक्यावर त्रिकोण, हातात पर्स, म्हणजे समलिंगीच! २००७ मध्ये पोलंडच्या बालहक्क आयुक्त बाई त्याच पर्ससाठी मानसशास्त्रज्ञ बसवायला निघाल्या आणि हसं झाल्यावर गप्प बसल्या. जांभळ्या रंगात एवढं वाचायचं म्हणजे पोरांपेक्षा दांडगी कल्पनाशक्ती लागते, हे मान्य करायला हवं. (मॉलमध्ये काकूंची पर्स हेडसरच सांभाळतात. पण तिच्यात बीपीच्या गोळ्या असतात.)

'आर्थर' ही मालिका मात्र त्यांच्या मर्जीतली. त्यातले रॅटबर्नसर जातीनं उंदीर, पण शिस्तीला वाघ. तिसरीच्या पोरांना ढीगभर गृहपाठ. "मास्तर असावा तर असा," असं हेडसर सुनेला रोज ऐकवत.

मे २०१९ मध्ये या सरांचं लग्न निघालं. एका खडूस बाईलाच पोरं नवरी समजतात. ती निघते सरांची बहीण. मग सर येतात ते पॅट्रिक नावाच्या चॉकलेटवाल्याच्या हातात हात घालून.

हेडसरांचा चहा बशीतच राहिला. "इतका गृहपाठ देणारा माणूस!" एवढंच ते म्हणाले.

पॅट्रिक आर्डव्हार्क, म्हणजे मुंग्या खाणारा. उंदराच्या घरात हे खाणंपिणं कसं जमायचं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. एरवी कुठलीही सोयरीक निघाली की त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीनं तो भाग न दाखवता जुनाच लावला, हे कळल्यावर त्यांना जरा तरतरी आली. "तिकडं तुझ्या कंपनीची शाखा नाही का रे?" मुलानं आणखी माहिती पुरवली. २००५ मध्ये याच 'आर्थर'मधला बस्टर ससा आपल्या स्वतंत्र मालिकेत व्हर्माँटला मेपलची साखर बघायला गेला होता. तिथल्या घरात दोन आया निघाल्या, तर खुद्द शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी हरकत घेतली आणि अलाबामानं तेव्हाही तो भाग लावला नाही. "शिक्षणमंत्री असावी तर अशी," हेडसर म्हणाले.

इकडं लग्न पुढं चालूच होतं. आर्थर आणि मंडळींना नवरदेव दोन असल्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांचे चेहरे पडले ते सर नाचायला लागल्यावर. नातवानंही डोळ्यांवर हात घेतले. "ईऽऽ, टीचर नाचतोय!"

हेडसर ताडकन उठले.

"मग मी इतका वेळ काय सांगतोय? वर्गशिक्षकानं नाचायचं म्हणजे काय!"