दाजींची एमबी

आमचे दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशी टेप, किल्ल्या, फायली सगळं मोजून परत करून आले. एमबी लिहायची सवय मात्र त्यांच्याकडेच राहिली.

एमबी म्हणजे मेजरमेंट बुक. ठेकेदारानं किती खोदलं, किती भराव टाकला, हे जागेवर मोजून जिच्यात लिहायचं ती वही. तिच्यात नोंद नाही त्या कामाचं बिल निघत नाही. आता तशीच एक लांबडी वही कोल्हापुरात ताईच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकून उभी असते. पहिल्या पानावर दाजींच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय : ‘काम – चिकन-चीज भरून बेक केलेली सँडविचं. नग १२.’

दाजी स्वयंपाक करत नाहीत, काम काढतात.

अशी माणसं हल्ली घरोघर निघालीत. साठीपर्यंत चहाचं आधण कुठल्या पातेल्यात ठेवतात हे ठाऊक नसतं. मग पेन्शन सुरू होते, ओटीजी येतो, पाठोपाठ डिजिटल काटा येतो, आणि चाळीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बायकोला ‘पीठ मळणं हे शास्त्र आहे’ असं सांगितलं जातं. ताई ऐकून घेते. तिचा हात तेव्हा परातीतच असतो.

मुहूर्त रविवारचा. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात चिकन शिजत नाही, आणि श्रावणात तर ओटीजीवर फडकं टाकलेलं असतं. मी पोहोचलो तेव्हा दाजी वाकून पाण्याचा ताप बघत होते. अक्षरशः. पातेल्यात घरातला तापाचा थर्मामीटर.

“पावणं, बसा. यीस्टला पाणी कोमट लागतं. सदतीस ते चाळीस.”

“बोट घालून बघा की,” ताई म्हणाली. “विरजणाला मी काय थर्मामीटर लावते?”

“बोटाची नोंद कशी घेणार?”

यामागे इतिहास होता. पहिल्या खेपेला दाजींनी उकळतं पाणी ओतलं होतं. यीस्ट हा जिवंत जीव. साठ अंशांच्या आसपास तो मरतो, उकळत्या पाण्यात तर विचारायलाच नको. तासात दुप्पट व्हायचं पीठ चार तास पाटासारखं बसून राहिलं. वहीत शेरा पडला : ‘साहित्य मृत. काम नामंजूर.’ त्या पिठाच्या ताईनं रात्री पुऱ्या तळल्या. त्यांची नोंद नाही.

या वेळी पीठ फुगलं. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, पाणी आणि दूध मिळून तीनशे मिली, थोडं लोणी, साखर, मीठ. पाऊण तासानं दाजींनी परातीवरचं ओलं फडकं उचललं आणि बोटानं पिठाला खळगा पाडला. खळगा हळूहळू, अर्धवटच वर आला. “झालं,” दाजी कुजबुजले. नातवाच्या पाळण्याशी माणूस असं बोलतो. मग गोळे. एकेक काट्यावर, बरोबर सत्तर ग्रॅम. एकाहत्तर भरला की चिमूटभर काढायचं, एकोणसत्तर भरला की लावायचं. बारा गोळ्यांना पंचवीस मिनिटं लागली. तोवर पहिला गोळा आणखी फुगून दुसऱ्याला चिकटला होता.

खरी अडचण गळतीची. दाजींनी लाटलेल्या चकतीवर सारण ठेवलं, वर चीजचा तुकडा, आणि कडा करंजीसारख्या दुमडल्या. १९० अंशांना आठव्या मिनिटाला पहिला सांधा सुटला. ओटीजीच्या काचेआड चीज उतू आलं, ट्रेवर सांडलं, करपलं. दाजी उकिडवे बसून बघत होते.

“कालव्याचं अस्तर फुटलं की असंच होतं,” ते म्हणाले. “आत पाण्याचा दाब.”

निदान बरोबर होतं, बरं का. सारण गरम आणि ओलं असलं की आत वाफ धरते, आणि वाफ वाट काढते. पण उपाय वहीत नव्हता. ताईनं उरलेले गोळे पुढ्यात ओढले. सारण पुन्हा कढईत टाकून कोरडं होईतो परतलं, ताटात पसरून पंख्याखाली गार केलं. मग एकेक गोळा हातावरच वाटीसारखा केला, सारण दाबलं, कडा वर गोळा करत करत तोंड चिमटीत धरलं, पीळ दिला, जादा पीठ तोडलं आणि तोंड खाली करून ट्रेवर ठेवलं. पुरणाचा उंडा भरतात तसा. सहा उंडे पाच मिनिटांत. वरून दुधाचा हात फिरवला.

वीस मिनिटांनी बाहेर आले ते तांबूस, टम्म, एकही न गळलेले. फोडला तर आधी लोण्याचा वास, मग चिकनच्या तारा, चीज, आणि मागून कांदा-लसणीच्या चटणीचा झणका. मी तिसरा उचलला तेव्हा दाजी म्हणाले, “पावाची जाळी बघा, जाळी!” मी जाळी बघितली. खात मात्र सारण होतो.

जेवणं झाल्यावर दाजी वही घेऊन बसले. मी खांद्यावरून वाचलं. नग १२, पैकी गळती ६, मंजूर ६. मैदा, यीस्ट, लोणी, वीज, सगळं पैशांपर्यंत. सरकारी कामात सिमेंट-लोखंड कधी कधी ठेकेदाराला खात्यातूनच देतात, त्याचा वेगळा रकाना असतो. तिथं लिहिलं होतं : ‘सारण, ५४० ग्रॅम, खात्याकडून पुरवठा. तोंड बंद करणे, नग ६, खात्यामार्फत. मजुरी – निरंक.’

खाली सही होती. दाजींचीच.