सिंथेटिक नाना

भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभे राहा, नाना भेटतातच. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे अण्णा, माणूस तोच. पांढरी टोपी, काळी नखं आणि बुडाखाली स्प्लेंडर. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’. कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं, पुढे वेल्हे तालुक्याचंही राजगड झालं. नानांच्या लेखी दोन्ही बदल कागदावरचे. मीटर कापूरहोळजवळ कधीतरी बंद पडला. तेव्हापासून गाडीचं रनिंग गिऱ्हाइकासमोर ४० हजार, आणि पारावर पृथ्वीला पाच फेऱ्या.

नानांचा हट्ट एकच : ऑइल फुल सिंथेटिकच. साध्याच्या दुप्पट पैसे गेले तरी चालतील. हेच नाना दुपारी आमटीवरचा तवंग बघून घरात कडाडतात, “तेलाचा घाणा लावलाय का?” काकूंचं उत्तर ठरलेलं, “गाडीला इचारलं का कधी?”

विषय निघाला की नाना शिकवणीच घेतात. इंजिन ९७.२ सीसीचं, त्यात ऑइल जेमतेम लिटरभर. तेवढ्यातच इंजिन, गिअर आणि क्लच तिघांनी भागवायचं. म्हणून यात मोटारीचं ऑइल ओतू नये, क्लच सरकायला लागतो; डब्यावर ‘जासो एमए’ बघून घ्यावं. या गाडीला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आणि गरगर फिरून गाळ कडेला धरणारी वाटी. तेव्हा ऑइल वेळच्या वेळी बदलावं. इथपर्यंत नानांचा शब्दन्‌शब्द बरोबर असतो, आणि पंचाईत तीच आहे. कारण त्याच आवाजात ते पुढे सांगतात की सिंथेटिकनं झिजलेल्या रिंगा भरून येतात.

विरोधी पक्ष बाकड्यावर हजर असतो. “जुन्या इंजनाला सिंथेटिक सोसत न्हाय, गळाय लागतं.” हेही अर्धंच. आजचं सिंथेटिक सील खात नाही. पण सील आधीच कडक होऊन चिरलेलं आणि चीर गाळानं बुजलेली असली, तर ऑइल तो गाळ धुतं आणि जुनी गळती उघडी पडते. हे मी एकदा सांगून पाहिलं. दोन्ही पक्षांनी मला चहा पाजून गप्प केलं.

नव्या ऑइलची परीक्षा पाबे घाटात. मागे इंद्रायणीचं पोतं, तिसरा गिअर. माथ्यावर नाना कान लावतात, “आवाज बघ, लोण्यावाणी!” तोवर तोरण्याला निघालेली पुण्याची पोरं मागे निळ्या धुरात दिसेनाशी झालेली असतात. पावसाळ्यात नाना त्याला धुकं म्हणतात. उन्हाळ्यात जरा अडचण होते.

“नाना, रिंगा गेल्यात,” मेस्त्री कळवळून सांगतो. “महागाचं ऑइल टाकलं तर महागाचंच जळणार. साधं ट्वेंटी-फॉर्टी टाका, दर आठ दिसांनी काडी पुसून लेवल बघा, भात इकला की बोअरचं काम करू.”

“इंजन खोलायचं? अजून पाना लागला न्हाय त्याला!”

ऑइल बदलताना लिटरभर ओतलेल्यातलं पाऊणच खाली उतरतं. तेवढं जळकं ऑइल नाना बाटलीत भरून घरी नेतात. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासायची इकडे रीतच आहे. शेजारी गोठ्याच्या खांबांसाठी मागायला येतो. नाना बाटली पुढे करतात, पण लगेच सोडत नाहीत.

“फुल सिंथेटिक हाय. एकच हात मार.”