तेरा सेकंदांचा हिशेब

बफेलोत राहायचं तर बर्फ उपसता आलं पाहिजे आणि इथला फुटबॉल संघ बिल्स प्लेऑफमध्ये हरल्यावर दोष कुणाचा, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे. बर्फ उपसायला मी माणूस लावतो. निकाल मात्र स्वतः देतो. अमेरिकन फुटबॉल मी आयुष्यात हातात धरला तो दुकानात, किंमत बघायला. पण निकालासाठी याहून जास्त अनुभव लागतो असं मला कधी वाटलं नाही. शिवाय मी इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार. नुकसान दिसलं की ते कुणाच्या नावावर टाकायचं, एवढाच प्रश्न मला पडतो.

माझ्या वहीत ते कायम डिफेन्सच्या नावावर पडतं. क्वार्टरबॅक जॉश ॲलन निर्दोष. शेजारचे आजोबा बिल्सच्या जुन्या डिफेन्समधल्या ब्रूस स्मिथला डोळ्यांनी खेळताना पाहिलेले; त्यांच्या लेखी डिफेन्स म्हणजे देवघर आणि क्वार्टरबॅक म्हणजे लाडावलेलं पोर.

माझा हुकमी पुरावा २३ जानेवारी २०२२ चा. कॅन्सस सिटीत, चीफ्सविरुद्ध, ॲलनने चार टचडाउन पास दिले, चारही गेब्रिएल डेव्हिसला. चौथ्यानंतर आम्ही ३६-३३ पुढे, घड्याळात १३ सेकंद.

इथे टेबलाबद्दल सांगायलाच हवं. बिल्सचे कट्टर चाहते आनंद झाला की घडीच्या टेबलावर उडी मारून ते मोडतात. का, ते विचारू नये. आपण दहीहंडीला का चढतो, ते कुणी विचारतं का? आता मंडळाचं घडीचं टेबल माझ्या गॅरेजमध्ये असतं. त्यावर दरवर्षी गणपती बसतो, संक्रांतीला तिळगुळाची ताटं मांडतात आणि वार्षिक सभेत माझा हिशेब नामंजूर करणारे त्यावरच मुठी आपटतात. आजोबांचा नातू त्या टेबलाकडे ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेने मी आजवर फक्त पुरणपोळीकडे बघितलंय. त्या रात्री १३ सेकंद उरलेले असताना मी, खुद्द खजिनदाराने, ते टेबल स्वहस्ते अंगणात मांडलं. बायको दारातून ओरडली, “अहो, मंडळाचं आहे ते!” मी म्हटलं, “खर्ची टाकू!”

तोवर आमचा डिफेन्स मैदानात उतरला होता. त्या मोसमात सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारा डिफेन्स! चीफ्सकडे टाइमआउट शिल्लक, तरी हे मागे सरून कडा राखत राहिले आणि मधलं मैदान मोकळं. त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याचा एक पास टायरीक हिलला, १९ यार्ड. दुसरा ट्रॅव्हिस केल्सीला, २५. मग त्यांच्या किकरने, बटकरने, ४९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. जादा वेळेच्या नाणेफेकीत ॲलनने काटा मागितला, छापा पडला. चीफ्सने टचडाउन करून ४२-३६ असा खेळ आटोपला. त्या जादा वेळेत ॲलनला चेंडूला हातही लावता आला नाही. पुढे प्लेऑफसाठी नियम बदलला, दोन्ही संघांना संधी मिळू लागली. टेबल शाबूत राहिलं.

एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी लोक म्हणालेच, “ॲलनला मोठा सामना जिंकता येत नाही.” याचा मला खरोखर संताप येतो. अकरा जणांत वाटला की दोष कुणालाच जड होत नाही. एकट्यावर घातला की निदान चेहरा तरी मिळतो, शिव्या घालायला.

हे मी तावातावाने मांडलं तेव्हा आजोबा वाद घालायचं सोडून बिल्सचा जुना किकर स्कॉट नॉरवूड याच्याबद्दल बोलू लागले. जानेवारी १९९१, सुपर बोल, शेवटचे काही सेकंद. ४७ यार्डांवरून त्याची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स १९-२० हरले. त्याच्याएवढा एकटा माणूस त्या रात्री देशात नसेल. दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले आणि त्याच्याच नावाचा गजर करत राहिले, तो पुढे येईपर्यंत. आजोबा त्या गर्दीत होते. “आम्हाला माहीत होतं कुणाची किक चुकली ते,” ते म्हणाले, “म्हणून तर गेलो.”

मी गप्प झालो. माझ्या वहीत असला रकाना नव्हता.

तरी तत्त्व ते तत्त्व. जानेवारी २०२५ मध्ये त्याच चीफ्सविरुद्ध, चौथ्या डाउनला जेमतेम एक यार्ड हवा असताना ॲलन स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि कमी पडला. आम्ही २९-३२ हरलो. आजोबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी सगळे कोन पुन्हा पुन्हा पाहिले, पूर्ण निःपक्षपातीपणे विचार केला आणि निकाल दिला: दोष पंचांचा.