हप्त्यावरचा शिलेदार

मराठी फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत. ज्याचे घोडे आणि हत्यार पदरचे तो शिलेदार, आणि ज्याला ही दोन्ही सरकारातून मिळत तो बारगीर. ठाकूरद्वार नाक्याजवळच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ज्या तरुणास आम्ही सर्व शिलेदार म्हणून संबोधतो, त्याचे घोडे वस्तुतः एका बँकेचे असून त्याचे अठ्ठावीस हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. सबब इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने तो बारगीरच ठरतो. परंतु रोज सकाळी नऊच्या सुमारास, गुडघ्यांवर ढोपरकवचे, हातांत बोटांच्या पेरांपर्यंत चिलखत, पाठीवर पाण्याची पिशवी आणि त्या पिशवीतून खांद्यावरून थेट ओठांशी आलेली नळी, अशा इतमामाने तो जेव्हा चाळीचा लाकडी जिना उतरू लागतो, तेव्हा त्याला बारगीर म्हणण्याची कोणाची प्राज्ञा होत नाही. ही मुलूखगिरी कोटातल्या एका विमा कचेरीपर्यंत असते. अंतर सुमारे तीन किलोमीटर. पाणी त्याला वाटेत लागत नाही; ते तो कचेरीत गेल्यावर, पंख्याखाली बसून, नळीनेच पितो.

या साऱ्या सरंजामाचा कळस म्हणजे त्याचे शिरस्त्राण. तुमचे-आमचे हेल्मेट अंड्यासारखे वाटोळे, वाऱ्याला निमूटपणे वाट करून देणारे. शिलेदाराच्या हेल्मेटचा जबडा चार बोटे पुढे आलेला, आणि कपाळावर वीतभर लांबीची चोच. असले हेल्मेट जिथे रस्ताच नाही अशा मुलखासाठी घडवलेले असते. पुढच्या गाडीच्या मागल्या चाकाने उडवलेली ढेकळे तोंडावर येऊ नयेत आणि वाळवंटातले कलते ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून चोच. चढावर गाडी रेटताना धाप लागली तर श्वासाला ऐसपैस जागा असावी म्हणून पुढे आलेला जबडा. आमच्या गल्लीत ढेकळे समोरून येत नाहीत. जे यावयाचे ते वरून येते: तुळशीला घातलेले पाणी, कबुतरांचा प्रसाद, आणि दुसऱ्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांच्या तांबुलाचा रस. या तिन्हींपासून चोचीने शिलेदाराचे आजवर चोख रक्षण केले आहे, हे मला पक्षपात न करता नमूद केले पाहिजे. मात्र गॅलरीतून चालताना तीच चोच वाळत घातलेल्या कपड्यांत अडकते, आणि एकदा तर तो शेजारणीचा परकर निशाणासारखा मिरवीत नाक्यापर्यंत जाऊन आला.

हेल्मेट घरात आले त्या दिवशी मी तिथे होतो. शिलेदाराचे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, शाळकरी वयातच, लाठी खाल्लेले. त्यांनी ती वस्तू मांडीवर घेतली, उलटसुलट न्याहाळली आणि कुठली बनावट म्हणून विचारले. शिलेदार म्हणाला, "बेळगावची." (हेल्मेटच्या धंद्यात बेळगावने नाव काढले आहे, हे वाचकांस कदाचित ठाऊक नसेल.) म्हातारा क्षणभर गप्प झाला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, ते शल्य या माणसाने जवळजवळ सत्तर वर्षे उराशी जपलेले. मग चोचीवरून हात फिरवीत ते म्हणाले, "असू दे. अख्खं बेळगाव नाही, निदान हे एवढं तरी महाराष्ट्रात आलं."

शिलेदाराच्या गाडीच्या टाकीवर खारदुंग ला या लडाखच्या खिंडीचे चित्र चिकटवले असून त्याखाली १८,३८० फूट असा आकडा आहे. खिंडीतल्या फलकावर पुष्कळ वर्षे हाच आकडा होता. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा ती साडेसतरा हजारांच्या आसपास भरली. ही वजावट मी शिलेदाराच्या कानावर घातली, तर वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा बळकावल्यासारखा त्याचा चेहरा झाला. वास्तविक त्याचे स्वतःचे त्यात काहीच जाण्यासारखे नव्हते, कारण त्याने आजवर सर केलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे केम्प्स कॉर्नरचा १९६५ साली बांधलेला उड्डाणपूल. लडाखची रजा दरवर्षी अर्जात जाते आणि दरवर्षी साहेबांच्या टेबलावरून परत येते.

शहरातला वेगाचा मुलूख तरी खुला असावा, तर तिथेही दैव आडवे. ज्या ज्या रस्त्यावर वारा पिऊन दौडावे असे कोणाही स्वारास वाटेल, त्या त्या रस्त्याच्या तोंडाशी दुचाकीस मज्जाव केल्याचे फर्मान लटकलेले आहे. जे. जे. चा उड्डाणपूल बंद, पूर्व मुक्त मार्ग बंद, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, तोही बंद. आणि त्याच साली गिरगाव चौपाटीच्या पोटाखालून, म्हणजे शिलेदाराच्या उशापायथ्याशीच, किनारी रस्त्याचा बोगदा सुरू झाला, त्यातही प्रवेश नाही. मग असले हेल्मेट हवे कशाला, असे विचारले की "आपल्या रस्त्यांना असलंच हेल्मेट हवं, काका," हे त्याचे ठरलेले उत्तर. मेट्रोच्या खोदकामाच्या काळात त्यात काही तथ्य होते. पण २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी गाडी गिरगाव स्थानकातून धावू लागली आणि त्या युक्तिवादाखालचा खड्डा, अक्षरशः, बुजवला गेला.

उरता उरला मरीन ड्राइव्ह. तिथला प्रसंग मी पाठीमागे बसून अनुभवलेला आहे. निवृत्तिवेतनाच्या एका कामासाठी मला नरिमन पॉइंटला जावयाचे होते. २०२२ च्या जूनपासून मुंबईत मागे बसणारासही हेल्मेट सक्तीचे झाल्यामुळे त्याने त्याचे जुने, अंड्यासारखे हेल्मेट माझ्या माथी घातले, आणि आम्ही निघालो. काटा साठाकडे सरकला तसतसा चोचीखाली वारा शिरून शिरस्त्राण वर उचलू लागले आणि शिलेदाराची हनुवटी, एखाद्या गर्विष्ठ संस्थानिकासारखी, आपोआप उंचावू लागली. इतक्यात भरतीच्या लाटा कशा फुटताहेत हे मला दाखवावे म्हणून त्याने मान उजवीकडे वळवली मात्र, चोचीने शिडासारखा वारा धरला, आणि कोणा अदृश्य पंतोजीने कान धरून मुरगाळावे तशी त्याची मान होती त्याहून आणखी वळली. समुद्र त्याला पाहावयाचा होता त्याहून बराच अधिक वेळ त्याने पाहिला. समोरच्या टॅक्सीचे दिवे तांबडे झालेले प्रथम मला दिसले. मी त्याच्या पाठीत असा गुद्दा हाणला की मला माझ्या वयाचा विसर पडला.

त्या रात्री त्याची आई त्याच्या मानेला तेल चोळीत असताना मी म्हणालो, "अरे, ती चोच तीन स्क्रूंवर तर आहे. रुपयाच्या नाण्याने निघेल. शहरात काढून ठेव, लडाखला जाशील तेव्हा लाव." त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला मिशी काढावयास सांगत होतो.

मी त्याला लॉरेन्सची हकिकत सांगितली. पहिल्या महायुद्धात उंटांवरून अरबस्तानचे वाळवंट तुडवून आलेला हा पुरुष १९३५ साली इंग्लंडात, घराजवळच्या साध्या गावरस्त्यावर, सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना मोटरसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हते. त्याच्या उशाशी आलेल्या वैद्यांपैकी ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास मांडला, आणि १९४१ च्या त्यांच्या लेखाने ब्रिटिश लष्करी स्वारांच्या डोक्यावर हेल्मेट चढण्यास मोठा हात दिला. "तेव्हा बाबा, हेल्मेटची गरज पटली ती वाळवंटात नव्हे, तुझ्यामाझ्या दूधवाल्याच्या रस्त्यावर," मी म्हणालो. शिलेदाराने सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "काका, गाडी कोणती होती त्याची?" ब्रफ सुपीरियर, असे मी सांगितल्यावर तो रात्रभर मोबाइलवर तिची चित्रे पाहत बसला.

जे कायद्याला, वाऱ्याला आणि मला साधले नाही ते अखेर एका फेटेवाल्याने करून दाखवले. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून गिरगावची शोभायात्रा निघते. नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर स्वार झालेल्या बायका हे तिचे भूषण. शिलेदारालाही फेटा हवा; पण हेल्मेटशिवाय गाडीवर बसणार नाही हा त्याचा बाणा, आणि या बाण्याबद्दल मला त्याचा मनापासून आदर आहे. तोड अशी निघाली की फेटा हेल्मेटवरच बांधावा. फेटेवाल्याने अकरा हात कापड खांद्यावर टाकून त्या मस्तकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्यांदा कापड चोचीवरून घसरले, तसा तो म्हणाला, "साहेब, एक तर चोच, नाही तर तुरा. दोन्ही नाही बसणार." मागे रांगेत चाळीस डोकी ताटकळत होती. शिलेदाराने खिशातून रुपया काढला.

त्या दिवशी तो फार देखणा दिसला. आजोबांनी गॅलरीतून हात जोडले, कोणाला ते नेमके कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावर एकच गहजब उडाला. चोच सापडेना. कपाट, माळा, कॉटखालची ट्रंक, सर्व झडती झाली. मलाही साक्षीदार म्हणून पाचारण करण्यात आले. शेवटी मोरीच्या उंबऱ्याशी त्याची आई वाकून केर भरताना दिसली, आणि तिच्या हातात ती होती.

"एवढी छान सुपली आणलीस नि बोलला नाहीस ते," ती माउली कौतुकाने म्हणाली. "फक्त ही तीन भोकं कशाला रे ठेवलीयेत? केर गळतो."