परड्यातला जपान

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं आणि आमच्या बेळगावच्या परड्याचे ग्रह फिरले. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं ते उद्यान, शिवाय पु. ल. आमच्याच राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेले. तेव्हा जपानवर आपलाही थोडा हक्क पोचतो, असं मी घरात जाहीर केलं. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला हक्क सांगायला एवढा पुरावा पुष्कळ होतो.

परड्यात तोवर घाणेरी, टाकळा आणि काँग्रेस गवत यांचं संयुक्त सरकार होतं. ते उलथवून मी मधोमध नायलॉनची दोरी ताणली. अलीकडे जपानी बाग, पलीकडे जंगल. जंगलही जपानीच, अकिरा मियावाकींच्या पद्धतीचं. चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं दाटीवाटीनं लावायची, म्हणजे उजेडासाठी चढाओढ करत ती सरळ वर जातात. मृगाला जांभूळ, करंज, ऐन, बेहडा, बकुळ अशी सगळी मंडळी लावून टाकली.

अलीकडची बाग म्हणजे क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या अंगणाची नक्कल. तिथे पांढऱ्या खडीत १५ दगड आहेत आणि कुठेही बसलं तरी एखादा नजरेआड राहतोच. मीही १५ दगड मांडले, दाताळ्यानं खडीत लाटा ओढल्या आणि डोळे मिटून बसलो. शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून विचारलं, "घर बांधालासा काय? वाळू कवा येणार?"

पुढे दगड जरा जास्तच नजरेआड जाऊ लागले. एक अक्कांच्या बरणीत कैऱ्या दाबत बसलेला सापडला, दुसरा उतारावरच्या टेम्पोच्या चाकाखाली. क्योटोत न दिसणारा दगड मनानं पाहायचा असतो म्हणे. मला तो पाहायला लोकांच्या घरी जावं लागे.

मग बेळगावचा पाऊस लागला. वरच्या अंगाची तांबडी माती वाहत येऊन खडीवर पसरली आणि तिच्यातून टाकळा विजयी मुद्रेनं वर आला. मागोमाग घाणेरी.

नागपंचमीला निपाणीकडचे मामा मुक्कामाला आले. त्यांचा जन्म तंबाखूत गेलेला. झाड फुलावर यायच्या सुमारास शेंडा खुडायचा, बगलफूट काढायची, म्हणजे जोर पानात उतरतो, हे त्यांच्या बोटांनाच पाठ. संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तो अख्ख्या जंगलाचे शेंडे मामांच्या पायाशी!

"नुसतीच उंच चालली हुती," मामा समाधानानं म्हणाले. "आता पानं कशी भरत्यात बघ."

मियावाकींनी लावून दिलेली चढाओढ मामांनी एका दुपारात मिटवली. रोपं बिचारी आडवी फुटली. दिवाळीपर्यंत सगळी गुडघाभर उंचीची, गोल, गुबगुबीत झुडपं झाली. जपानी माळी वर्षानुवर्षं कात्री चालवून घडवतात, अगदी तशी. इकडे खडीवर कमरेइतकं रान माजलं होतं. थोडक्यात, दोरीच्या पलीकडे जपान आणि अलीकडे जंगल.

"हद्द नव्यानं आखायला हवी," मी बायकोला म्हटलं.

"बेळगावात हद्दीचा विषय काढू नका. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय," असं म्हणून तिनं दोरीवर मामांचं धोतर वाळत घातलं आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.